चंदगडच्या गाडीनं आलेली साखर

तोंडी परीक्षेत माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "सीरम म्हणजे काय आणि प्लाझ्मा म्हणजे काय?" पोरं घडाघडा बोलतात. रक्त गोठू दिलं की गुठळीवर जे पिवळसर पाणी सुटतं ते सीरम. औषध घालून गोठू दिलं नाही आणि पेशी खाली बसवल्या, तर वर राहतो तो प्लाझ्मा. पाठांतर चोख. मग मी म्हणते, "आता हेच तुझ्या आईला सांगतोयस असं समजून सांग." इथं गाडी अडते. पोरगं छताकडं बघतं, बाहेरून आलेले परीक्षक घड्याळाकडं बघतात, आणि मी आपली वाट बघत बसते.

अरे, आईला तर हे तुझ्याआधीपासून माहीत आहे! दही लावल्यावर कडेला निवळ सुटते की नाही? ते सीरम. एवढं सोपं सांगायला कुणाची पदवी आड येते, मला कळत नाही.

मी काही शास्त्रज्ञ नव्हे. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागले. रक्त काढलं, तपासलं, काचसामान घासलं, पेशंटच्या शिव्या खाल्ल्या. पुढं दोन हजारनंतर लॅब टेक्निशियनच्या कोर्सला शिकवायला लागले. शिकवताना लक्षात आलं, की पुस्तकात ज्या शब्दाची दोन ओळींत व्याख्या असते, त्या शब्दामागं मला कुणाचा ना कुणाचा चेहरा दिसतो. त्यामुळं माझा तास कधी वेळेत संपत नाही आणि पोरांचा अभ्यासक्रमही संपत नाही, अशी माझ्याबद्दल तक्रार आहे. ती खरी आहे.

'फास्टिंग' हा शब्द घ्या. फास्टिंग शुगर म्हणजे रात्रभर काही न खाता सकाळी काढलेल्या रक्तातली साखर. आदल्या दिवशी बजावून सांगायचं, उपाशी पोटी या. गगनबावड्याकडचे एक काका आले. मी विचारलं, "काही खाल्लंय का?"

"न्हाय की. नुस्ता च्या पिऊन आलोय."

"साखर घातलेला?"

"मग काय मीठ घालत्यात व्हय च्यात?"

त्यांना परत पाठवलं तर दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याचा लाडू खाऊन हजर. लाडू गुळाचा होता, साखरेचा नव्हता, म्हणून चालतो असं त्यांचं म्हणणं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोनं त्यांना दाराबाहेर पडेपर्यंत पहारा देऊन आणलं. सुई टोचली तर म्हणतात, "यवडं रगात? सगळं लागतंय काय? उरलं तर माघारी द्या." असली माणसं रोज भेटायची. कामाचा शीण त्यांच्यामुळंच जायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पण आज जो शब्द सांगायचा आहे तो दुसराच आहे. ग्लायकोलिसिस. पोरांना तो उच्चारायलाच दोन तास लागतात. अर्थ साधा आहे. पेशी साखर मोडून त्यातनं ताकद मिळवतात, त्याला ग्लायकोलिसिस म्हणायचं. आता गंमत अशी, की रक्त शरीरातून काढून बाटलीत भरलं तरी त्यातल्या पेशी लगेच मरत नाहीत. त्या जिवंत असतात, आणि जिवंत आहेत म्हटल्यावर त्यांना भूक लागते. समोर असते ती रक्तातलीच साखर. तीच त्या खात बसतात. म्हणजे रक्त काढून ठेवून दिलं, तर तासातासाला त्यातली साखर कमी होत जाते. माणसाची साखर आहे तेवढीच राहते, बाटलीतली मात्र घटते. उन्हाळ्यात आणखी भराभर.

ही खादाडी थांबवायला आम्ही बाटलीत फ्लोराइड घालतो. लॅबमधल्या या छोट्या काचेच्या बाटलीला आम्ही 'बल्ब' म्हणतो. आजकाल तयार मिळतात, रंगीत टोपणांचे. तेव्हा आम्ही घरीच केल्यागत करायचो. पेनिसिलिनच्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या गोळा करायच्या, घासायच्या, उकळायच्या. प्रत्येकीत फ्लोराइड आणि ऑक्झलेट विरघळवलेल्या पाण्याचे मोजके थेंब सोडायचे आणि भट्टीत वाळवायच्या. पाणी उडून गेलं की तळाशी पांढरी पावडर चिकटून राहते. फ्लोराइड पेशींचं खाणं बंद पाडतं, ऑक्झलेट रक्त गोठू देत नाही. वर रबरी बूच लावलं की झाला शुगरचा बल्ब तयार. असे शेकड्यानं बल्ब या हातांनी केलेत.

त्या काळी तालुक्याच्या गावांत आत्तासारख्या गल्लोगल्ली लॅब नव्हत्या. चंदगडच्या एका दवाखान्यातनं आमच्याकडं रक्त यायचं ते एस.टी.नं. तिथल्या नर्स कमल सिस्टर सकाळी लवकर पेशंटचं रक्त काढायच्या, बल्ब एका रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये ठेवायच्या आणि तो सकाळच्या कोल्हापूर गाडीत द्यायच्या. गाडी गडहिंग्लजवरनं दुपार व्हायच्या बेताला कोल्हापुरात. आम्ही तपासायचो, आणि रिपोर्ट त्याच गाडीनं परत जायचे. रिकामे बल्बही आम्हीच पाठवायचो. सगळा कारभार विश्वासावर.

थर्मास आणायचे ते मल्लाप्पामामा. गाडीचे ड्रायव्हर. ड्रायव्हरला सगळा मुलूख मामाच म्हणतो, म्हणून मीही मामा म्हणायचे. ते मात्र मला 'तंगी' म्हणायचे. त्यांच्या घरात निम्मं बोलणं कानडी, आणि कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. अंगानं आडवे, कपाळाला विभूतीची पट्टी, आवाज असा की लॅबच्या बाहेरच्या माणसाला वाटावं आत भांडण लागलंय.

"तंगी, घे गं. तुझं रगात आलं!"

"माझं नव्हे मामा, चंदगडचं."

"कुणाचं का असंना, एक थेंब सांडला न्हाय बघ."

खरंच सांडायचा नाही. थर्मास सीटखाली ठेवला तर खड्ड्यांत आदळतो, आणि रक्त जोरात घुसळलं गेलं की लाल पेशी फुटतात. याला आम्ही हिमोलिसिस म्हणतो. असलं रक्त बऱ्याच तपासण्यांना निकामी. हे मी एकदा त्यांना सांगितलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी आपल्या सीटमागं एक हूक ठोकून घेतला. पट्ट्यानं थर्मास त्याला अडकवायचे आणि वळणावर गाडी हळू घ्यायचे. पाठीमागचे प्रवासी ओरडले तर म्हणायचे, "रगात हाय माझ्याकडं, गप बसा." बिचारे गप बसायचे.

त्या थर्मासमध्ये दोन-तीन महिन्यांनी एकदा मामांचं स्वतःचंही रक्त असायचं. त्यांच्या वडिलांना साखरेचा आजार होता, म्हणून ते आपण होऊन तपासायचे. ड्रायव्हरची मेडिकल तपासणी असते, तिथं अचानक काही निघायला नको हाही हिशेब. पहाटे सिस्टरकडं उपाशी पोटी रक्त द्यायचे, मग स्टिअरिंगवर बसायचे, आणि आपलंच रक्त पाठीमागं अडकवून कोल्हापूरला यायचे. रिपोर्ट माझ्याच हातचा. एकशे दहा, एकशे चौदा, म्हणजे त्या काळच्या मापानं नॉर्मल. बरं चाललंय म्हणायचे आणि खूश होऊन जायचे.

एक कटकट मात्र होती. चंदगडचे शुगरचे बल्ब उघडले की आत रक्त गोठलेलं असायचं. ऑक्झलेट असताना गोठायला नको. रक्त घातल्यावर बल्ब हलक्या हातानं हलवला नाही तर पावडर मिसळत नाही आणि असं होतं, म्हणून मी दवाखान्यात फोन करायचे. "सिस्टर, बल्ब हलवत जा हो." तिकडून उत्तर यायचं, "हलवतोय की, बाई! हात दुखून आले हलवून." मग आम्ही त्या गुठळीवरच्या सीरममध्ये साखर तपासायचो आणि काम भागवायचो. त्या काळी बऱ्याच ठिकाणी तसंच भागवायचे.

असाच एक दिवस, पावसाळा सरत आलेला. मामा आले, थर्मास टेबलावर ठेवला. आत त्यांचाही बल्ब होता. मी सगळ्यांच्या तपासण्या लावल्या. मामांची साखर एकशे बारा. ते बाकावर टेकले होते. सहज नजर खाली गेली तर एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी.

"मामा, एक चप्पल कुठाय?"

त्यांनी खाली बघितलं. पायाकडं असं बघत राहिले, जणू पाय दुसऱ्याचाच आहे. "आयला! गाडीत ऱ्हायली असंल." आणि मोठ्यांदा हसले. लॅबमधले सगळे हसले.

मला हसू आलं नाही. चप्पल पायातनं निसटली आणि स्टँडपासून लॅबपर्यंत खडीवरनं चालत आले तरी माणसाला कळलं नाही, याचा अर्थ पायाच्या नसांना संवेदना उरलेली नाही. याला न्यूरोपॅथी म्हणतात, आणि आमच्या मुलखात त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. मी पाय वर घ्यायला लावला. अंगठ्याखाली जखम होती, रुपयाएवढी, हळद भरलेली.

"हे कधीपासून?"

"पावसाच्या आधीपास्नं असंल. इंजनाच्या गरमीनं भाजलंय."

"दुखत नाही?"

"दुखत न्हाय म्हणून तर काय केलं न्हाय."

"मामा, साखर..."

"तूच तपासतीस की! नॉर्मल हाय म्हणून तूच लिवून देतीस."

मी तिथंच त्यांचं रक्त काढलं आणि लगेच तपासलं. दोनशे नव्वदच्या वर. आमच्या डॉक्टरांना, म्हणजे लॅबच्या मालकांना, बोलावलं. ते शांत माणूस. आधी म्हणाले, "गडहिंग्लजला खाऊन आलेत ना? खाल्ल्यावर वाढतेच." मग स्वतःच मान हलवली. "पण एवढी नाही वाढत." त्यांनी थर्मासमधला मामांचा बल्ब घेतला आणि आडवा केला. गुठळी जागची हलली नाही.

"चंदगडचे बल्ब असेच येतात?"

"नेहमीच. मी दर वेळी फोन करते, हलवत जा म्हणून."

"दर वेळी विसरणारं माणूस असतं का कुठं?" डॉक्टर म्हणाले. "पावडर आहे ना आपल्या बल्बमध्ये?"

कपाटातले बल्ब उजेडात धरून बघितले. प्रत्येकात पावडर होती. म्हणजे इथनं जाताना आहे आणि तिथनं येताना तिचा उपयोग होत नाही. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही याच गाडीनं जा आणि बघून या."

मामांना तोवर सगळं उमगलं होतं. ते माझ्याजवळ आले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा हळू आवाज ऐकला. "तंगी, आत्ताचं ते दोनशे नव्वद लिवू नगंस. एकशे बाराच लिव. आजपातूर तेच लिवत आलीयास न्हवं?"

"मामा, पाय जाईल तुमचा!"

"पाय गेला तर गाडी जातीया. साखर लिवली तरी गाडी जातीया. मग लिवायची कशाला?"

वीस वर्षं त्या माणसानं दुसरं काही केलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "मामा, आज काहीच लिहीत नाही. उद्या नीट तपासून बघू, मग तुम्हीच ठरवा."

घरी निरोप ठेवून मी गाडीत बसले, ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर. समोर हुकाला रिकामा थर्मास डुलत होता. सारा रस्ताभर मी मामांच्या उजव्या पायाकडं बघत होते. ब्रेकवर पडतोय, उठतोय. त्या पायाला ब्रेक लागतोय की नाही हे त्यांना कशावरनं कळत असेल? भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. मला जास्त भीती वाटत होती ती आम्ही दिलेल्या सगळ्या रिपोर्टांची.

चंदगडला पोचले तेव्हा पाऊस चालूच. तिकडं पावसाळ्याचे चार महिने काहीच वाळत नाही. भिंतीला, चपलांना, ट्रंकेतल्या साड्यांना, सगळ्याला पांढरी बुरशी चढते. कमल सिस्टरची खोली दवाखान्याच्या मागंच होती. पन्नाशीच्या बाई, एकट्या राहणाऱ्या. पांढरं लुगडं इतकं स्वच्छ, की त्या ओलीत ते कसं ठेवत असतील याचंच नवल वाटावं. मला बघून त्यांना आनंदच झाला. "कोल्हापूरच्या बाई आल्या! बसा, बसा," म्हणत त्यांनी चुलीवर चहा ठेवला.

मी बसले आणि समोर बघितलं. चुलीच्या उबेला एक सूप ठेवलं होतं, त्यावर धुतलेलं पांढरं फडकं, आणि त्यावर आमचे शुगरचे बल्ब ओळीनं उपडे मांडलेले. लखलखीत. तळाला पावडरीचा कणही नाही.

"सिस्टर, हे...?"

"धुतले की." त्या कौतुकानं म्हणाल्या. "तुमच्याकडनं येतात ना, त्यांना तळाला बुरशी धरलेली असते. वाटेत ओल लागत असेल. पेशंटचं रक्त असल्या बाटलीत कसं घालायचं? मी एकूण एक सोड्यानं धुते, उकळते, इथं वाळवते. आजवर एक बाटली तशी वापरली नाही."

आमच्याकडनं कुणीच कधी त्यांना सांगितलं नव्हतं, की ती पावडर आहे. बल्ब पाठवले आणि हलवा म्हणून फोन केले, एवढंच. कोल्हापुरात कुणाला बुरशी वाटली नसती. चंदगडात दुसरं काही वाटणंच शक्य नव्हतं. मी पदराला हात पुसत हळूहळू सांगितलं. ती बुरशी नव्हे, औषध. ते नसलं की रक्त गोठतं. ते नसलं की पेशी साखर खातात. चार-पाच तासांत आजारी माणसाची साखर चांगल्या माणसाएवढी दिसायला लागते.

सिस्टर एकेक बल्ब सरळ करून ठेवत होत्या. ऐकता ऐकता हात थांबला.

"म्हणजे मल्लाप्पाला साखर आहे?"

"असावी. उद्या नक्की कळेल."

"आणि बाकीचे?" मला त्या बाईंचा चेहरा बघवेना. त्या खाली बसल्या ते बसल्याच. चहा चुलीवर उतू गेला तरी उठल्या नाहीत.

सकाळी मामा उपाशी पोटी आले. सिस्टरनी सुई माझ्याकडं दिली, म्हणाल्या, "तुम्हीच घ्या." मी एकाच वेळी काढलेलं रक्त दोन बल्बमध्ये घातलं. एक माझ्याबरोबर आणलेला, पावडरीचा. दुसरा सिस्टरनी धुतलेला. दोन्ही थर्मासमध्ये ठेवले. मामांनी थर्मास हुकाला अडकवला आणि गाडी काढली. गडहिंग्लजला सगळे चहाला उतरले, ते स्टिअरिंगवरच बसून राहिले.

कोल्हापुरात डॉक्टरांनी आणि मी मिळून तपासलं. धुतलेला बल्ब, एकशे अठरा. पावडरीचा बल्ब, एकशे अठ्ठ्याहत्तर. एकच माणूस, एकच सुई, एकच गाडी. त्यातला खरा आकडा कोणता, हे मामांना समजावून सांगायची गरज पडली नाही. त्यांनी दोन्ही बल्ब हातात घेतले, आडवे केले. एकातलं रक्त वाहिलं, दुसऱ्यातलं घट्ट बसून राहिलं.

"हे वाहतंय त्ये माझं," ते म्हणाले. "लिव तंगी, काय हाय त्ये लिव."

दुपारची गाडी त्या दिवशी दुसऱ्या ड्रायव्हरनं नेली. मामा दवाखान्यात भरती झाले. पाय वाचला, अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. आणखी थोडे दिवस गेले असते तर घोट्यापासून गेला असता, असं सर्जन म्हणाले. हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला राग आला. सगळ्यांचा. बल्ब पाठवून मोकळं झालेल्या आमचा, सीरमवर काम भागवायच्या आमच्या सवयीचा. चंदगडच्या बाकीच्या पेशंटना आम्ही बोलावून पुन्हा तपासलं, पैसे न घेता. काही जण निघाले तसे. त्यांची नावं-गावं इथं सांगत नाही, पण आपल्याला आजार नाही अशा समजुतीत त्यांनी घालवलेले दिवस कुणाला परत देता आले नाहीत. डॉक्टरांनी त्या दिवसापासून नियम केला. बाहेरगावी बल्ब द्यायचे तर आधी माणसाला समोर बसवून आत काय आहे ते दाखवायचं, आणि मगच द्यायचे.

मामांची गाडी गेली ती गेलीच. त्यांना चंदगडच्या स्टँडवर कंट्रोलमध्ये बसवलं. लाउडस्पीकरवर गाड्या पुकारायचं काम. लोक म्हणायचे, मल्लाप्पाला स्पीकर लागतोय कशाला?

आणि कमल सिस्टरनी रक्त काढायचं सोडलं. बाकीचं सगळं करायच्या, ड्रेसिंग, इंजेक्शनं, बाळंतपणं. पण कोल्हापूरला जायचं रक्त म्हटलं की हात मागं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समजावलं, मी फोन केले, आमचे डॉक्टरही बोलले. एकच उत्तर. "माझ्या हातानं नको. मी माणसाचा पाय घालवला." त्यामुळं चंदगडचा थर्मास येईनासा झाला. पेशंट एक तर स्वतः कोल्हापूरची वाट धरायचे, नाहीतर तपासायचेच नाहीत. न तपासणारेच जास्त.

पुढं काय झालं ते मला सिस्टरनीच सांगितलं. एका सकाळी मामा काठी टेकत दवाखान्यात आले, बाकावर बसले आणि बाही वर केली.

"अक्का, रगात घ्या."

"मल्लाप्पा, तू कोल्हापूरला जाऊन दे बाबा."

"मला हितंच द्याचं हाय. तुमच्याच हातनं."

"माझा हात लागायला नको तुझ्या रक्ताला."

"अक्का, तुमी घाण धुतलीसा. घाण न्हवती त्ये तुमास्नी कुणी सांगितलं व्हतं काय? मी रोज थर्मास नेत व्हतो, मला तरी कुठं ठावं व्हतं?" मग मामांनी आवाज चढवला. "मी सकाळपास्नं उपाशी हाय. च्याचा घोट न्हाय. तुमी रगात घ्यास्तवर मी खाणार न्हाय आन् हितनं उठणार न्हाय. साखरंच्या माणसानं उपाशी ऱ्हाऊ नये म्हणत्यात. बघा बाबा!"

दवाखान्यातले सगळे गोळा झाले. सिस्टर आत गेल्या. कपाटात आमचे जुने पावडरीचे बल्ब पडले होते. एक उजेडाला धरून त्यांनी पावडर बघितली आणि बाहेर आल्या. हातात सुई होती. मामा दुसरीकडं तोंड करून बसले, म्हणजे अक्काला संकोच नको.

दुपारी तो थर्मास आमच्या टेबलावर आला. नव्या ड्रायव्हरनं आणलेला, त्याच हुकाला अडकवून. आत एकच बल्ब. मी तो हातात घेतला पण आडवा करायला धीर होईना. शेवटी केला. रक्त सरसर वाहून बुचापर्यंत आलं.

साखर लावली आणि फोन केला. फोन मामांनीच उचलला. ते दवाखान्यातच बसले होते.

"तंगी, अक्का इच्यारत्यात, घट्ट झालंय काय?"

"नाही मामा. अगदी पातळ आहे."

"आन् साखर?"

"एकशे शहाण्णव. वाढलीय मामा. पथ्य पाळत नाही तुम्ही."

"अक्का!" मामा फोन तोंडाजवळच धरून असे ओरडले की माझ्या कानाचे पडदे हलले. "अक्का, एकशे शहाण्णव! वाढलीया! बरोबर आलीया साखर!"

पलीकडं कुणीतरी हसत होतं की रडत होतं, मला कळलं नाही. मी मात्र रिसीव्हर कानाला लावून रडत होते.

"आता च्या टाका अक्का," मामांचा आवाज आला. "बिनसाखरंचा."